शलबी आत कसा येणार?

सकाळपासून मालिकेच्या निर्मात्याचे, रऊफचे, इतके फोन झाले की बहिजाने वैतागून फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. डबा गुरगुरतच राहिला. शेवटी तिनेच हार मानली, तांदूळ झटकून फोन कानाला लावला.

“झालं का?” रऊफने विचारलं. सलाम नाही, कशी आहेस नाही, काही नाही.

“होतंय.”

“होतंय म्हणजे किती पानं?”

“पानं मोजायला मी काय वाण्याचं दुकान घातलंय?”

“सित्त बहिजा, बाईसाहेब, उद्या सकाळी शेवटचा भाग शूट व्हायचाय. परवा तो देशभर दिसणार. सेट उभा आहे, दार रंगवून झालंय, हिरो दाढी वाढवून बसलाय आणि खाजवतोय. मला फक्त एवढंच सांगा, शलबी दारातून आत कसा येणार?”

“तेच तर,” बहिजा म्हणाली आणि फोन पुन्हा तांदळात खुपसला.

बहिजा गेली वीसेक वर्षं रमझानच्या मालिका लिहीत होती. महिनाभर रोज इफ्तारनंतर एक भाग. अख्खं कैरो जेवून, ढेकर देऊन टीव्हीसमोर पाय पसरतं, आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्यावर अक्कल पाजळतात. मालिका आधीच लिहून हातावेगळी करावी असं दरवर्षी ठरतं. दरवर्षी अर्ध्याच भागांवर रमझान उजाडतो, आणि मग सकाळी लिहायचं, दुपारी शूट, संध्याकाळी प्रक्षेपण अशी पळापळ. एकदा दाखवलं ते दाखवलं. ते परत घेता येत नाही, खोडता येत नाही.

बहिजाला खरं तर ही पळापळ आवडायची, हे ती कुणाला सांगत नसे. हात वाहता असला की तिला उपासाची शुद्धच राहत नसे. तहान नाही, डोकेदुखी नाही. शुब्राच्या बाजारात काकड्या घेताना दोन अनोळखी बायका तिनेच कालपरवा लिहिलेल्या वाक्यावरून भांडताना ऐकू आल्या की काकड्या तिथेच विसरून ती तरंगत घरी यायची. एवढ्या सुखासाठी माणूस बाकीचे सगळे भोग भोगतो. पण सध्या सुख कुठल्या कुठे पळालं होतं आणि भोग तेवढे राहिले होते.

ह्या भोगाचं मूळ सहाव्या भागात होतं. शलबी हा इस्त्रीवाला, नईमा त्याची बायको. सहाव्या भागाच्या शेवटी दोघांचं कडाक्याचं भांडण होतं आणि शलबी घर सोडून जातो. जाताना त्याच्या तोंडी काहीतरी जळजळीत हवं होतं. रऊफची गाडी खाली हॉर्न वाजवत होती, हातात अर्धं पान कोरं होतं, आणि बहिजाने झटक्यात लिहून टाकलं: “या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला, तर माझ्या बायकोला तलाक.”

आता असली शपथ इथला पुरुष दिवसातून दहादा घालतो. चहाचे पैसे तू दिलेस तर माझ्या बायकोला तलाक. आणखी एक घास घेतला नाहीस तर माझ्या बायकोला तलाक. बहिजाने ते बोलण्याच्या ओघात लिहिलं, हिरोने डोळे वटारून म्हटलं, दार आपटलं, संगीत वाजलं. भाग गाजला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीचा दरवान अम्म बशंदी, म्हणजे सगळ्यांचा बशंदीचाचा, तिला जिन्यातच आडवा आला. “सित्त बहिजा, मग तो आता परत कसा येणार?”

तेव्हा तिला कळलं आपण काय करून ठेवलंय. कारण मालिकाच मुळी शलबीच्या परत येण्याची होती. शेवटच्या भागात ईदच्या आदल्या संध्याकाळी तो घरी येतो, नईमा दार उघडते, संपलं, सगळे रडतात. आणि आता आत पाऊल टाकलं की त्याच पावलाबरोबर नईमा त्याची बायको उरत नव्हती. मशिदीतले शेख म्हणाले, अशा शपथेने तलाक होत नाही, दहा गरिबांना जेवू घातलं की सुटका. औषधवाला म्हणाला, होतो. त्याची बायको म्हणाली, कायद्याने नाही होत. भाजीवाल्याने तिन्ही बाजू मांडल्या आणि गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली. वाहिनीच्या साहेबांनी हे सगळं ऐकून रऊफला बजावलं की पडद्यावर एकही फतवा दिसता कामा नये, फुकटची कटकट नको. तो परत आला पाहिजे, पण शपथही मोडता कामा नये. ते कसं, हे लेखिकेने बघावं.

लेखिका बघत होती. तिने शलबीला खिडकीतून आणून पाहिलं, गल्लीत सहज विचारलं, तर वाद पेटला की खिडकीला उंबरा म्हणायचं की नाही. तिने घरच पाडायचं ठरवलं, तर रऊफ म्हणाला सेट भाड्याचा आहे. नईमाने घर बदलावं, तर तो उंबरा सोडून नईमा दुसरीकडे कुठे राहायला जाणार नाही असं अकराव्या भागात तिनेच नईमाच्या तोंडून कुराणावर हात ठेवून वदवलं होतं. स्वतःच्या हाताने दोन्हीकडून कड्या लावून घेतल्या होत्या बाईने. मग तिने रागाच्या भरात शलबीला ट्रकखाली घातलं, आणि ते पान टराटरा फाडलं, कारण त्यानंतर गल्लीतून भाजी आणायला जाण्याची तिची हिंमत नव्हती.

आज सकाळपासून कागदावर एवढंच होतं: शलबी दारात उभा आहे.

त्याच्याकडे बघून बघून तिला त्याचा वीट आला होता. तिने फ्रिज धुतला. मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. पडद्याची उसवलेली शिवण घातली. परत येऊन बसली. शलबी दारात उभा होता.

“आला का तो?” आतल्या खोलीतून आईने विचारलं.

हज्जा फिक्रिया म्हणजे बहिजाची आई, हज करून आलेली. वय झालेलं, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. घटस्फोटानंतर बहिजा परत याच घरात राहायला आली होती, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. हज्जा गेली कैक वर्षं खाली उतरली नव्हती. पलंगावर पाय पसरून ती द्राक्षाच्या पानांत भात भरत होती आणि एकेक गुंडाळी पातेल्यात रचत होती. सहावा भाग झाल्या दिवसापासून ती रोज हा एकच प्रश्न विचारत होती, दुपारी एकदा आणि इफ्तारच्या आधी एकदा.

“नाही आला, आई.”

“मग लिही ना. तू लिहिलंस की येईल.”

“असं नसतं ते.”

“मग कसं असतं? तू तर लिहितेस ना? की दुसरंच कुणी लिहितं?”

बहिजाने दात ओठ खाल्ले. उपासाच्या दिवशी आईला उलटून बोलायचं नसतं. एरवीही बोलायचं नसतं, पण उपासात जरा जास्तच.

तेवढ्यात खालून हाक आली. “टोपली सोड.”

तो मुख्तार. बहिजाचा थोरला भाऊ. समोरच त्याची रोट्यांची भट्टी होती, बाल्कनीतून दिसायची. रोज दुपार कलली की तो गल्लीत उभा राहून हाक मारायचा, बहिजा दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, तो त्यात गरम रोट्या ठेवायचा, टोपली वर यायची. टोपली वर यायची, मुख्तार यायचा नाही. सात वर्षं झाली. वडील गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सगळे जमले असताना तो म्हणाला, आई आता माझ्याकडे राहील. हज्जा म्हणाली, मी रजाच्या घरात पाहुणी म्हणून मरायची नाही. रजा म्हणजे मुख्तारची बायको. शब्दाने शब्द वाढला, आणि मुख्तार दारात उभा राहून सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला: या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला, तर माझ्या बायकोला तलाक.

होय, तेच वाक्य. जसंच्या तसं. बहिजाने ते घाईत लिहिलं तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्याला सुचलं.

मुख्तारचं प्रकरण शेखांच्या दहा जेवणांनी सुटण्यासारखं नव्हतं. त्याने रागाच्या भरात याआधी दोनदा रजाला तलाक देऊन दोनदा परत आणलं होतं. तिसरा झाला असता तर परत आणताच आलं नसतं, सगळंच संपलं असतं. तलाक होत नाही असं एक शेख म्हणाले, होतो असं दुसरे, आणि रजा म्हणाली, माझा संसार तुमच्या चर्चेवर टांगायचा नाही. तिचंही काय चुकलं?

बहिजाने टोपली वर ओढली. सगळ्यात वरची रोटी कोळशासारखी काळी. सहाव्या भागापासून हे असंच चाललं होतं. मुख्तार काही बोलला नव्हता, फक्त रोट्या करपून येत होत्या. ती बाल्कनीतून वाकली.

“दादा, ही पण जळली.”

“भट्टी आहे. जळतं कधी कधी,” मुख्तार वर न बघता म्हणाला आणि आत गेला.

बहिजाने रोट्या ओट्यावर टाकल्या आणि कागदासमोर बसली. शलबी दारात उभा होता. डबा पुन्हा गुरगुरायला लागला. आणि आतून आवाज आला, “आला का तो?”

बस. इतकं सहन झालं ते पुष्कळ झालं.

“नाही आला,” बहिजा खोलीच्या दारात जाऊन म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिला इच्छा नव्हती. “येणारही नाही. येऊच शकत नाही. तोंडाने घाण करून ठेवली आणि गेला, आता सगळ्यांनी माझ्या मानगुटीवर बसायचं. रोज विचारतेस, आला का, आला का. तुझा आला का? तो मुख्तार खाली उभा आहे सात वर्षं. तो आला का?”

हज्जाच्या हातातलं पान तसंच राहिलं. या घरात सात वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. बहिजाला तत्क्षणी वाटलं, जीभ कापून ठेवावी. ती काहीतरी बोलायला गेली, पण हज्जाने हात वर केला.

म्हातारीने पान गुंडाळलं, पातेल्यात ठेवलं, हात पुसले. मग म्हणाली, “शपथ त्याने घातली.”

“हो, आई. माझं चुकलं, मी—”

“त्याने घातली. मी नाही घातली.” हज्जाने पलंगाखाली पायाने चाचपलं. “माझी चप्पल दे.”

“कुठे निघालीस?”

“खाली.”

“चार मजले आहेत.”

“माहीत आहेत. तुझ्या बापाने इथे घर घेतलं तेव्हाच मी नको म्हणाले होते. पातेलं चुलीवर चढव. शिजलं की तू घे. आणि तो जळका फोन बंद कर.”

यापुढे जे झालं त्याला उतरणं म्हणता येणार नाही. पातेलं शिजेपर्यंत हज्जाने इस्त्रीचा झगा घातला, डोक्याला पांढरी ओढणी बांधली, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारली. बसून एक पायरी खाली, मग पुढची. बहिजा मागे, दोन्ही हातांत फडक्यात धरलेलं गरम पातेलं.

“आई, मी दादाला जिन्यात बोलावते.”

“खबरदार. मी जाते म्हणजे मी जाते.”

“गुडघे सुजतील.”

“सुजू देत. ते काय कुठे नाचायला जायचेत?”

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं, बघितलं, काही न विचारता आत जाऊन मसुराच्या सुपाचं भांडं घेऊन मागोमाग निघाली. दुसऱ्या मजल्यावर हज्जा थांबली, भिंतीला टेकली आणि डोळे मिटून बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बहिजा घाबरली. सूर्य उतरत आला होता, सकाळपासून म्हातारीच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. “परत जाऊ या,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चिडका नव्हता. हज्जाने डोळे न उघडता म्हटलं, “वर चढणं सोपं पडेल असं वाटतं का तुला?” आणि पुढची पायरी उतरली.

अम्म बशंदीने खालून हे बघितलं आणि आपलं लाकडी टेबल गल्लीत ओढलं. रमझानात गल्लीत टेबलं लागतातच, येणारा-जाणारा बसून जेवतो, त्यात कुणाला नवल नाही. पण हज्जा फिक्रिया गल्लीत दिसली तेव्हा भाजीवाल्याचा तराजू हातातच राहिला. टेबल इमारतीच्या दारासमोर होतं. समोर भट्टी. हज्जा खुर्चीवर टेकली, धापा टाकत राहिली, आणि भट्टीकडे बघत राहिली.

मुख्तार बाहेर आला. कोपरापर्यंत पीठ. तो तसाच थांबला. सात वर्षं जवळून दिसली नसल्याने आई केवढीशी झालीय हे त्याला ठाऊकच नव्हतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याने पिठाच्याच हाताने तोंड पुसलं.

“बस,” हज्जा म्हणाली. “हात धुऊन बस. आणि रजाला बोलाव. आज तरी न जळलेल्या रोट्या आण.”

अजान झाली. खजूर फिरले, सूप वाढलं गेलं. रजाने हज्जाच्या ताटात पानांच्या गुंडाळ्या वाढल्या. हज्जा म्हणाली, “पुरे,” आणि मग, “वाढ अजून एक.” रजा मान खाली घालून रडली आणि तसंच वाढत राहिली.

मुख्तार बहिजाकडे वळला. “माझं वाक्य टीव्हीवर विकलंस.”

“मला वाटलं मला सुचलं.”

“गिऱ्हाइकं मला विचारतात, शलबी परत कसा येणार. मी काय सांगू? मला माहीत असतं तर…” त्याने वाक्य सोडून दिलं आणि रोटीचा तुकडा मोडला. बहिजाला त्याच्यासाठी इतकं वाईट वाटलं की तिने आपल्या ताटातली सगळ्यात मोठी गुंडाळी त्याच्या ताटात टाकली. लहानपणी ती असंच करायची, आणि तो तेव्हाही न बोलता खायचा.

जेवणं झाल्यावर प्रश्न आला की हज्जा वर कशी जाणार. मुख्तार उठला, तिच्यासमोर पाठ करून वाकला. इमारतीच्या दाराशी मात्र त्याचे पाय अडले.

“घर चौथ्या मजल्यावर आहे,” पाठीवरून हज्जा म्हणाली. “अख्खी इमारत काय तुझ्या बापाची होती? चल.”

तो चढला. बहिजा रिकामं पातेलं घेऊन पुढे गेली आणि दार उघडून आत उभी राहिली. मुख्तारने आईला उंबऱ्यापाशी अलगद उतरवलं. हज्जाने चौकट धरली, एक पाय आत टाकला, मग दुसरा. तो बाहेरच उभा राहिला, धापा टाकत. त्याची नजर आत फिरली. वडिलांची खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, नवे पडदे.

“घड्याळ अजून बंदच?” त्याने विचारलं.

“तूच दुरुस्त करायचास,” हज्जा म्हणाली. “उद्या बहिजा टोपलीतून खाली सोडेल. कर आणि वर पाठव. आणि ऐक, उद्या मी इथे दारात खुर्ची टाकून बसेन. तू जिन्यात बस. चहा इथून देता येतो.”

मुख्तारने मान हलवली. मग तो खाली गेला, आणि त्याच्या पायांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत दोघींनी ऐकला.

बहिजा टेबलाशी बसली. शलबी दारात उभा आहे, असं कागदावर होतं. तिने ते खोडून लिहिलं: शलबी गल्लीत उभा आहे. वर नईमा चुलीवरून पातेलं उतरवते. आणि हात सुटला. कुणी मागून ढकलत असावं तसा सुटला. वाक्यं आपसूक येत होती, नईमा जिन्यात बहिजाशीच भांडत होती, शेजारीण न सांगता सुपाचं भांडं घेऊन निघाली होती. महिनाभराची चिडचिड कुठे गेली कळलं नाही. बहिजा लिहिता लिहिता हसली, एकदा डोळे पुसले, आणि फोन शोधायला स्वयंपाकघरात गेली.

“रऊफ, झालं.”

“आत येतो ना?”

“नाही. ती बाहेर येते.”

“दार रंगवलंय ना आपण,” रऊफ कळवळून म्हणाला. “नवीन दार.”

“उघडं ठेवा. छान दिसेल,” बहिजा म्हणाली आणि फोन ठेवला.

आतल्या खोलीत हज्जा सुजलेल्या गुडघ्यांना गरम फडकं लावून पडली होती. बहिजा तिच्या पायाशी बसली.

“आला का तो?” हज्जाने विचारलं.

“नाही आला. नईमाच खाली गेली. जेवण घेऊन, गल्लीत.”

हज्जाने यावर विचार केला. फडकं उलटं करून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलं.

“तिचे गुडघे कसे आहेत?”

“चांगले आहेत, आई. तरुण आहे ती.”

“मग इतके दिवस काय करत होती?” हज्जा म्हणाली.

बहिजाने आपले धडधाकट पाय जवळ ओढून घेतले आणि आईच्या गुडघ्यावरचं फडकं परत गरम करायला नेलं.